शाळेतली न्याहारी: पोहे किती, चहा का नको आणि यादीत नावं कुणाची

गेल्या अंकात शाळेतल्या सकाळच्या न्याहारीबद्दल प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले काही इथे घेतले आहेत. उत्तरं मुलांच्या आहाराचं आणि शाळेतल्या स्वयंपाकघराचं काम जवळून जाणणाऱ्या मंडळींनी मिळून दिली आहेत. पत्र पाठवणाऱ्यांची आणि शाळांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न: दुपारी शाळेत पोषण आहार मिळतोच. मग सकाळची न्याहारी वेगळी कशाला? आमच्यावर आणखी एक काम, एवढाच फायदा दिसतो. (मुख्याध्यापक, पन्हाळा तालुका)

रात्री साडेआठला जेवलेलं मूल दुपारी एकला ताटावर बसतं. मधे साडेसोळा तास जातात. त्यात पोटात काय जातं, तर कपभर चहा आणि त्यात बुडवलेली दोन बटरं किंवा खारी. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा मोठ्या माणसाइतका नसतो आणि मेंदूची मागणी मात्र शरीराच्या मानाने जास्त असते. त्यामुळे अकराच्या सुमाराला मूल जांभया देतं, शेजारच्याला चिमटे काढतं, फळ्यावरचं अर्धंच उतरवून घेतं. आपण त्याला ‘लक्ष नाही’ म्हणतो. बऱ्याचदा ती भूक असते, आणि मुलाला ती भूक आहे हे सांगता येत नाही.

पोषण आहाराचं प्रमाण पाहा. पहिली ते पाचवीला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिनं. म्हणजे दिवसाच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा. तो एका जेवणाचा हिशेब आहे. सकाळची पोकळी त्यातून भरून निघत नाही, कारण तो येतो तोवर भाषा आणि गणिताचे तास होऊन गेलेले असतात.

आता पुरावा. जमैकाच्या ग्रामीण भागातल्या 16 प्राथमिक शाळांत एक शैक्षणिक वर्षभर काही मुलांना रोज न्याहारी दिली आणि तुलनेसाठी बाकीच्यांना संत्र्याची एक चतुर्थांश फोड दिली. 1998 साली त्याचे निष्कर्ष आले. न्याहारी मिळालेल्या मुलांची हजेरी वाढली, उंची-वजनात फरक दिसला आणि खालच्या वर्गांतल्या मुलांचं गणित सुधारलं. इंग्लंडमध्ये शाळा भरण्याआधी चालणाऱ्या मोफत न्याहारी क्लबांची मोठी पाहणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे दुसऱ्या इयत्तेतली मुलं वाचन, लेखन आणि गणितात सुमारे दोन महिन्यांनी पुढे गेलेली आढळली. गंमत अशी, की सकाळी काहीतरी खाणाऱ्या मुलांची संख्या फारशी वाढलेली नव्हती; घरी खाणारी मुलंच शाळेत खाऊ लागली होती. म्हणजे काय खाल्लं आणि शाळा भरण्याआधी शांतपणे कुठे बसलं, यानेही फरक पडला असावा. वर्गातला गोंधळही कमी झाला, अगदी क्लबात न येणाऱ्या मुलांसाठीसुद्धा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जमैकातच वर्गातल्या वर्तनाचा वेगळा अभ्यास झाला. नीट बांधलेल्या, पुरेशी बाकं असलेल्या शाळेत न्याहारीनंतर मुलांचं कामात लक्ष वाढलं. दाटीवाटीच्या शाळांत वर्तन उलट बिघडलं. पोट भरल्यावर मूल ताजंतवानं होतं. त्या ताजेपणाला काम मिळालं नाही तर दंगा होतो. न्याहारीनंतर लगेच तास सुरू व्हायला हवा, तो याचसाठी.

आपल्याकडे 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दुपारच्या जेवणाबरोबर सकाळच्या न्याहारीचाही उल्लेख आहे आणि गरम पदार्थ शक्य नसेल तिथे शेंगदाणे किंवा चणे-गूळ आणि स्थानिक फळं सुचवली आहेत. तमिळनाडूने 15 सप्टेंबर 2022 ला मदुराईतून पहिली ते पाचवीसाठी न्याहारी योजना सुरू केली आणि 25 ऑगस्ट 2023 पासून राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली.

राहिला तुमचा कामाचा मुद्दा. तो रास्त आहे. शिक्षकांनी कांदा चिरायचा नाही आणि ताटंही मोजायची नाहीत, हे पहिल्या बैठकीतच ठरवा. स्वयंपाकाला एक ताई वेगळ्या मानधनावर आणि वाढायला रोज दोन पालक पाळीपाळीने. शिक्षकाने फक्त एक करायचं: सव्वादहाला ताटं उचलली गेली पाहिजेत, यावर अडून बसायचं.

प्रश्न: पोषण आहाराच्या तांदळातून आणि डाळीतूनच न्याहारी भागवता येईल का? (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, करवीर)

नाही. तो धान्यसाठा पटसंख्येवर आणि ठरलेल्या प्रमाणावर येतो. त्यातला चिमूटभरही दुसरीकडे वळवला तर दुपारचं ताट हलकं होतं आणि साठा नोंदवहीचा मेळ बसत नाही. न्याहारीचा माल, डबे आणि वही वेगळी ठेवा. डबे वेगळ्या रंगाचे असले तर आणखी बरं.

समितीचा ठराव करा, त्यात वार, पदार्थ आणि जबाबदार माणूस लिहा, आणि देणगी शक्यतो वस्तूत घ्या. गावची दूध संस्था, तालीम मंडळ, गणेशोत्सव मंडळ यांच्याकडे जाताना ‘मदत करा’ म्हणू नका. ‘महिन्याला आठ किलो शेंगदाणे’ असं सांगा. मोजून मागितलं की मिळतं. खुराक म्हणजे काय हे कोल्हापूरच्या तालमीतल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही, हा आपल्या भागाचा फायदा आहे.

प्रश्न: चाळीस मुलांसाठी आठवड्याचा बेत आणि नेमकी मापं द्या. आम्ही सुरुवात केली होती, पण पोहे कधी लगदा तर कधी खडखडीत होत. पहिले आठ दिवस झाले आणि उत्साह संपला. (स्वयंपाक करणाऱ्या ताई, राधानगरी तालुका)

आधी बेताबद्दल. सहा दिवस सहा पदार्थ ठरवणं हीच पहिली चूक असते. तीन पदार्थ पक्के बसवा, बाकीचे दिवस न शिजवता द्यायचं ठेवा. खालची मापं पहिली ते चौथीच्या चाळीस मुलांची आहेत. पाचवीपासून पुढे दीडपट धरा.

पोहे. जाड पोहे 2 किलो, कांदा 1 किलो, शेंगदाणे 600 ग्रॅम, तेल पाव लिटर, लिंबं दहा, शिवाय मोहरी, हळद, कढीपत्ता, कोथिंबीर आणि बेताची मिरची. एका मुलाला शिजलेले साधारण 140 ग्रॅम येतात. त्यात सव्वातीनशेच्या आसपास उष्मांक आणि सात ग्रॅम प्रथिनं. यातली निम्मी प्रथिनं शेंगदाण्यांतून येतात. म्हणून खर्च वाचवायला शेंगदाणे कमी केलेत तर नुसता पिठूळपणा उरतो.

लगदा का होतो? दोन किलो पोहे एकदम पातेल्यात भिजवले की खालचे वरच्यांच्या भाराने चिकटतात आणि पाणी तळाला साठतं. चाळणीत अर्धा-अर्धा किलो घ्या, नळाखाली एकदाच हलवून धुवा, निथळा, परातीत पसरा. मीठ, थोडी साखर आणि हळद पोह्यांवरच भुरभुरा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. वीस मिनिटांच्या पुढे गेलात तर गठ्ठे होतात. खडखडीत होण्याचं कारण उलटं: पोहे जुने किंवा फार जाड असतील तर एका धुण्यात आतपर्यंत ओल जात नाही. बोटांत दाबून पाहा. कणी लागली तर पाण्याचा हबका मारा. पुन्हा नळाखाली धरू नका.

फोडणीत आधी शेंगदाणे तळून बाजूला काढा, शेवटी मिसळा. कढईत एका वेळी एकच किलो पोहे परता. दोन किलो घातले की खालचे करपतात आणि वरचे गार राहतात, मग ढवळून ढवळून त्यांचा चुरा होतो. लिंबू गॅस बंद केल्यावर, वाढताना पिळा. शिजवताना घातलं तर त्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं जातं, आणि लोह शोषायला मदत होते ती त्याचीच. बालवाडीची मुलं पंगतीला असतील तर त्यांच्या पोह्यांत अख्खे शेंगदाणे नकोत, कूट घाला. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात दाणा अडकू शकतो.

मटकीची उसळ. कोरडी मटकी 1 किलो. बुधवारी करायची असेल तर सोमवारी रात्री भिजत घाला, मंगळवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा, बुधवारी सकाळी मोड आलेले असतात. मटकी फुगून दुपटीच्या थोडी वर जाते. पावसाळ्यात आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत हवा इतकी गार असते की मोड रेंगाळतात. तेव्हा अर्धा दिवस आधी भिजवा आणि पुरचुंडी तांदळाच्या डब्यात ठेवा. मटकीला आंबूस वास आला, तर बहुतेक वेळा गाठोड्याच्या तळाशी पाणी साठलेलं असतं. गाठोडं टांगून ठेवा, पातेल्यात बसवू नका. वास आलेली मटकी मसाला वाढवून खपवायची नाही. आणि मोड कितीही ‘पौष्टिक’ म्हटले तरी मुलांना कच्चे देऊ नका. ज्या ओलाव्यात मोड येतात त्यातच जंतूही वाढतात. पंधरा-वीस मिनिटं चांगली उकळी हवी. वर मूठभर चुरमुरे टाकले की मुलं मिसळ म्हणून खातात, पाव लागत नाही.

नाचणीची आंबील. नाचणीचं पीठ 800 ग्रॅम, पाणी 5 लिटर, ताक 2 लिटर, जिरं, मीठ. पीठ आधी दीड लिटर गार पाण्यात कालवा. उरलेलं पाणी उकळलं की बारीक धार धरून सोडा आणि सतत ढवळा. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, आणि त्या आतून कच्च्या राहतात. दहा-बारा मिनिटं शिजवा, खाली उतरवा, कोमट होऊ द्या आणि मगच ताक घाला. गरम आंबिलीत ताक फाटतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं. गुळाची हवी असेल तर ताकाऐवजी 400 ग्रॅम गूळ. आंबील एकटी पोटाला पुरत नाही. बरोबर उकडलेलं अंडं किंवा मूठभर भाजलेले फुटाणे द्या.

उरलेल्या दिवसांत एक दिवस केळं आणि अंडं, अंडं न खाणाऱ्यांना उकडलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा शेंगदाण्याचा लाडू आणि दूध. दूध दीडशे मिली धरलं तर चाळीस जणांना सहा लिटर. गावच्या संस्थेतून सकाळच्या संकलनातलंच घ्या, पण उकळल्याशिवाय देऊ नका, कितीही ओळखीच्या गोठ्यातलं असलं तरी. काही मुलांना दुधाने पोट फुगतं. त्यांना पहिल्या आठवड्यात अर्धा पेला आणि तोही खाण्याबरोबर.

वेळेचं गणित असं: सव्वानऊला गॅस, पावणेदहाला हात धुणं, दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत खाणं, सव्वादहाला ताटं धुवायला. न्याहारी सव्वादहाच्या पुढे सरकली की दुपारचं ताट अर्धं परत येतं. हात धुण्यात सर्वात जास्त वेळ जातो. एका नळाला दहा-बारा मुलांपेक्षा जास्त नकोत. साबणाची वडी जुन्या नायलॉनच्या मोज्यात घालून नळाला बांधली, तर ती हरवत नाही आणि मातीतही पडत नाही.

प्रश्न: आमच्या शाळेत फक्त गरजू मुलांना न्याहारी देतात. माझा मुलगा यादीत आहे, पण तो जात नाही. म्हणतो, पोरं चिडवतात. (आई, शिरोली एमआयडीसी परिसर)

तुमचा मुलगा बरोबर आहे. यादी केली की न्याहारीवर शिक्का बसतो आणि ज्याला खरी गरज आहे तोच आधी उठून जातो. शिवाय उपाशी मूल दरवेळी गरिबाघरचंच असतं असं नाही. कारखान्यात पहिल्या पाळीला दोघंही जाणाऱ्या घरात डबा भरलेला असतो, भरवायला कुणी नसतं. गोठा असलेल्या घरात सकाळ धारा काढण्यात जाते.

शाळेला सांगून पाहा: पैसे कमी असतील तर मुलं कमी करू नका, वार कमी करा. आठवड्यातून दोनच दिवस, पण सगळ्या वर्गाला. मुलं दोन दिवसांचा नेम पटकन लक्षात ठेवतात. तेही जमत नसेल तर फक्त पहिली-दुसरीपासून सुरू करा. वयाची रेघ कुणाला लागत नाही. ज्यांना द्यायचं आहे त्या पालकांकडून बंद पेटीत ऐच्छिक रक्कम घ्या. कुणी किती टाकले हे मुलांना कळता कामा नये.

ऊसतोडीच्या हंगामात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. फडावर जाणारी माणसं पहाटेच निघतात, आणि त्यांची मुलं दिवाळीनंतर शाळेत येऊ लागतात. तेव्हा पट अचानक दहा-पंधराने वाढतो. जूनच्या पटावर माल ठरवलेला असेल तर नव्या मुलांना ‘तुमचं नाव नाही’ ऐकावं लागतं. नोव्हेंबर ते मार्चचा माल वेगळा धरा. शाहू महाराजांनी 1917 साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, त्याच्या सोळा वर्षं आधीपासून ते कोल्हापुरात वसतिगृहं काढत होते. राहण्याजेवणाची सोय आधी, पुस्तक नंतर, हा क्रम आपल्या शहराला नवा नाही.

प्रश्न: चहा दिला नाही तर मुलं न्याहारीला येत नाहीत. अर्धा कप दिला तर काय बिघडतं? (पालक, गडहिंग्लज)

चहातली तुरट द्रव्यं धान्य, कडधान्य आणि पालेभाजीतलं लोह आतड्यात धरून ठेवतात; ते रक्तात जातच नाही. खाण्याबरोबर चहा घेतला तर मिळणारं लोह निम्म्याहून खाली येऊ शकतं. मटकीच्या उसळीबरोबर चहा म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. शिवाय गोड चहाने भूक मरते आणि पोहे ताटात राहतात. घरी चहा सुटत नसेल तर तो न्याहारीच्या आधी किंवा नंतर तासभराने.

शाळेत मात्र नको. मुलांना बहुतेक वेळा चहा नको असतो, गरम आणि गोड काहीतरी हवं असतं. पहिले पंधरा दिवस गुळाची आंबील किंवा वेलची घातलेलं गरम दूध द्या, मग गूळ कमी करत न्या. गुळाबद्दल आपल्याकडे फार प्रेम आहे, ते असावंच, पण गूळ ही मुख्यतः साखरच. लोहासाठी त्यावर विसंबू नका. आणि बाजारात गुळाचा पिवळाधमक रवा, म्हणजे ढेप, उचलू नका. रंग उजळायला रसायन वापरलेलं असू शकतं. तांबूस, काळपट घ्या.

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात एका शाळेत सकाळचे बटाटेपोहे खाऊन आठ-दहा मुलांना उलट्या झाल्या. सगळे तेलाला दोष देत होते. नेमकं काय होतं अशा वेळी? (पालक, शिरोळ तालुका)

प्रत्यक्ष तपासणीशिवाय त्या घटनेबद्दल बोलता येणार नाही, पण उलट्या किती वेळाने झाल्या यावरून दिशा कळते. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच विष तयार झालेलं असण्याची शक्यता मोठी. ते दोन वाटांनी येतं. एक, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातावरच्या चिघळलेल्या जखमेतून. दुसरी, भात, बटाटा असे पिठूळ पदार्थ शिजवून रात्रभर बाहेर ठेवल्याने. ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. अन्न कोमट राहिलं की ते वाढतात आणि विष सोडतात. सकाळी पुन्हा गरम केलं तरी ते विष जात नाही. ‘परत चांगलं उकळून दिलं होतं’ हे उत्तर म्हणूनच पुरेसं नाही. जुलाब दुसऱ्या दिवशी सुरू झाले, तर पाण्याकडे आणि हातांकडे आधी पाहा.

बटाटेपोह्यांत हमखास चूक होते ती हीच: सकाळी घाई नको म्हणून बटाटे आदल्या रात्री उकडून ठेवतात. ते करू नका. रात्री खोबरं खवून ठेवू नका, भात करून ठेवू नका. शिजलेलं अन्न 60 अंशांच्या खाली आणि 5 अंशांच्या वर जितका वेळ राहील तितका धोका. साध्या भाषेत, हाताला कोमट लागेपर्यंत वाट पाहू नका, वाफ असताना वाढा. सकाळचं उरलेलं दुपारच्या ताटात मिसळायचं नाही. हाताला कापलेलं असेल त्या दिवशी ताईंनी अन्नाला हात लागणार नाही असं काम घ्यावं, पीठ-भाजी आणि वाढणं दुसऱ्याने पाहावं. आणि त्या दिवसाचं मानधन कापू नये, नाहीतर जखम झाकली जाते.

पावसाळ्यात शेंगदाणे दमट होतात. काळपट, सुरकुतलेले, कडवट किंवा बुरशीचे डाग असलेले दाणे निवडून टाका. भाजल्याने बुरशीचं विष जात नाही. एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त माल भरू नका. टाकी महिन्याला घासा. 2019 आणि 2021च्या महापुरानंतर शिरोळकरांना हे सांगायला नको, पण पूर ओसरल्यावर विहिरीचं आणि बोअरचं पाणी तपासून येईपर्यंत न्याहारीत आंबील-ताक बंद ठेवा, उकळलेलंच पाणी वापरा.

वाढण्याआधी एका मोठ्या माणसाने खाऊन चव नोंदवहीत सही करायची. ही सही दुपारच्या आहाराला असते तशीच न्याहारीलाही हवी. एक वाटी नमुना झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. मुलांना त्रास झालाच तर जलसंजीवनी द्या, प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा, कुणी कुणी खाल्लं त्याची यादी करा, आणि उरलेलं अन्न घाबरून फेकून देऊ नका.

प्रश्न: आमचं हायस्कूल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भरतं. मुली खेड्यांतून एसटीने येतात, पावणेसहाला घर सोडतात. प्रार्थनेला दोघी-तिघी चक्कर येऊन पडतात. शाळेत गॅस नाही. (शिक्षिका, कोल्हापूर शहर)

2024-25 पासून पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय आहे, पण त्याचा तुमच्या मुलींना उपयोग नाही. तुमच्यासाठी लाडू. भाजून सोललेले शेंगदाणे 700 ग्रॅम, गूळ 450 ग्रॅम. कूट करून चांगले मळून घेतले की तीस ग्रॅमचे जवळजवळ चाळीस लाडू होतात. दाणे मंद आचेवर भाजा. आच मोठी झाली की बाहेरून करपतात, आतून ओले राहतात आणि लाडवाला आठ दिवसांत खवट वास येतो. वळले जात नसतील तर तूप ओतू नका. गूळ बारीक किसलेला नसतो, हेच कारण असतं. एका लाडवात साधारण 140 उष्मांक. हायस्कूलच्या मुलीला दोन लाडू आणि एक केळं लागेल. हे प्रार्थनेच्या आधी द्या, मधल्या सुट्टीत नव्हे.

चक्कर येण्यामागे प्रत्येक वेळी उपाशीपोट असतं असं धरू नका. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि पाळीत रक्तस्राव जास्त जातो का, हे शिक्षिकेने एकट्यात विचारावं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, म्हणजे 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड, रिकाम्या पोटी घेतली की मळमळते. मग मुली ती खिशात ठेवतात आणि नंतर फेकतात. गोळीचा वार आणि लाडवाचा वार एकच ठेवला, तर हा प्रकार बराच थांबतो.

प्रश्न: मुलगा शाळेत न्याहारी करतो आणि दुपारचा डबा तसाच परत आणतो. मग फायदा काय? (आई, राजारामपुरी)

घरून निघतानाही तुम्ही काही भरवता का, ते आधी पाहा. दोनदा न्याहारी होत असेल तर डबा राहणारच. न्याहारी आणि डबा यांत अडीच-तीन तास हवेत. तरीही डबा परत येत असेल तर एक चपाती कमी करा आणि आठ दिवस वाट पाहा. वजन पडत नसेल, खेळणं तसंच असेल, तर काळजीचं कारण नाही.

प्रश्न: देणगीदार म्हणतात, फायदा आकड्यांत दाखवा. काय मोजायचं? (शाळा व्यवस्थापन समिती, कागल तालुका)

परीक्षेचे गुण दाखवू नका. चाळीस मुलांत दोन-चार टक्क्यांचा फरक कशानेही पडतो. दर महिन्याला वजन करणंही व्यर्थ आहे. प्राथमिक वयात मूल वर्षाला दोन-तीन किलोंनी वाढतं, म्हणजे महिन्याला जेमतेम पाव किलो, आणि तेवढं तर पाणी पिऊन आलेल्या आणि न आलेल्या दिवसांत मागेपुढे होतं. जूनमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा उंची-वजन घ्या, त्याच काट्यावर, चपला काढून.

रोजच्या नोंदीत तीनच गोष्टी ठेवा. घंटेला हजर मुलं किती (दुपारची हजेरी नव्हे, घंटेचीच), जेवली किती, आणि ताटात उरलेलं किती किलो. न्याहारी सुरू करण्याआधी तीन आठवडे घंटेची हजेरी लिहायला सुरुवात करा, नाहीतर तुलना कशाशी करणार? सहसा हाच पहिला आकडा हलतो, आणि सोमवारी जास्त हलतो. उरलेल्याच्या वजनावरून बेत सुधारा. सलग तीन वेळा एखाद्या पदार्थाचं दीड किलोच्या वर उरलं तर तो काढा, मुलांना उपदेश करू नका. 10 ऑगस्ट आणि 10 फेब्रुवारीला जंतनाशक गोळी असते. कुणी घेतली आणि कुणाची राहिली हेही त्याच वहीत लिहा. पोटात जंत असलेल्या मुलाचं वजन न्याहारीने वाढलं नाही, तर दोष पोह्यांना जायला नको. आणि देणगीदाराला ताट हातात धरलेल्या मुलांचे फोटो पाठवू नका; महिन्याची बिलं आणि या वहीची दोन पानं पाठवा.